कार्तिकातले फोटो: लाल पानं कुठायत?

कुसळकाटा | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की आमच्या फोटोवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हटकून फर्मान सुटतं: 'या महिन्याचा विषय, ऑटम.' मग सगळे लाल-पिवळी पानं शोधत हिंडायला मोकळे. गेल्या वर्षी पहिला नंबर कुणाच्या तरी बाल्कनीतल्या क्रोटनने पटकावला होता. यंदा म्हटलं, बाहेर पडून बघू. दोन रविवार वाई, मेणवली, धोम धरणाचा काठ, पुढे जोर गावापर्यंत गाडी हाणली. झाड न् झाड हिरवंगार. आंबा, जांभळाला पानगळीशी काही देणंघेणं नाहीच. ज्यांना आहे ती साग-सावर-पांगारा मंडळी अजून ढिम्म आहेत. ती उघडी पडणार पौष-माघात.

यात झाडांची काही चूक नाही. शाळेत घोकलेलं आठवा: आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर. पानगळ शिशिराची. शरदाच्या वाट्याला चांदणं, निवळलेल्या नद्या आणि कापणीला आलेलं भात. 'ऑटम'ला आपण 'शरद' म्हणायला लागलो तिथे गोची झाली.

मग उतरत्या शरदाचा रंग असतो कुठे? जोरहून परतताना एका माळावर लघवीला थांबलो (खरं तेच सांगतो) आणि समोर सूर्य कलत होता. अख्खा माळ तांब्याचा झाला होता. ते गवत होतं, कुसळी. तेव्हापासून वर बघणं सोडलंय.

गवतातही प्रकार आहेत. कुसळी वाळताना तांबूस होते, मारवेल फिकट पिवळा पडतो, पवन्या या दोघांच्या मधे कुठेतरी. एकाच उतारावर तीन पट्टे दिसतात. हे महिनाभरच. नंतर कापणी होऊन गंज्या लागतात, आणि जे उरतं त्याला कुणीतरी काडी लावतं. वणव्यानंतर फोटो काढायला काळा माळ उरतो.

*प्रचि (प्रकाशचित्र) १*: माळ, संध्याकाळी ५:४०. सूर्य समोर ठेवून काढलाय. पाठीमागे ठेवला की तोच माळ भुशासारखा दिसतो, करून बघा.

*प्रचि २*: कुसळाची शेपटी, जवळून. हिला पीळ असतो. दवाने भिजली की पीळ सुटतो, उन्हात वाळली की परत बसतो, आणि तसं फिरत फिरत बी जमिनीत घुसतं. किंवा तुमच्या मोज्यात. ओल्या तळहातावर एक कुसळ ठेवा, घड्याळाच्या काट्यासारखं फिरताना दिसेल. याचा व्हिडिओही आहे, पण त्यात मागे माझी बायको 'चला आता' म्हणतेय, म्हणून टाकत नाही.

*प्रचि ३*: दवातलं जाळं, सकाळी ६:५५. हे उभं, चाकासारखं जाळं नाही. गवतावर अंथरलेली चादर, तिच्या एका कोपऱ्यात बोगदा आणि बोगद्याच्या तोंडाशी मालक. एरवी अशी शेकडो जाळी पायाखाली असतात, दिसत नाहीत. दव पडलं की माळभर धोब्याने रुमाल वाळत घातल्यासारखं दिसतं. साडेसातला ऊन चढलं की गायब.

*प्रचि ४*: मेणवलीचा घाट, धुक्यात. घाट नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा. तिथली ती पोर्तुगीज घंटा धुक्यामुळे आलीच नाही, पण मला असाच आवडला.

*प्रचि ५*: भुईंजच्या अलीकडे, ऊस भरलेली बैलगाडी. पहाटेचं धुकं, बैलांच्या नाकातून वाफ, गाडीजवळ डोक्यावर मोळी घेतलेली बाई.

तुमच्याकडचं कार्तिक टाका. पानं नकोत. असलीच तर कारण सांगून टाका.

---

घाटमाथा | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१२

प्रचि ३ खल्लास! प्रचि ५ तर भिंतीवर लावायच्या लायकीचा. सेटिंग?

---

कुसळकाटा | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३०

३ ला एफ ८, १/१२५, आयएसओ ४००, आणि पोटावर पालथा झोपून. शर्ट धुवायला टाकलाय. ५ ला २०० मिलिमीटरची लेन्स, रस्त्याच्या कडेने, गाडीच्या खिडकीतून.

---

बुचाचं_फूल | १० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

मी पुण्यात, माळ कुठला आणायचा! पण कार्तिक आमच्या गल्लीत रोज सकाळी सांडलेला असतो. बुचाची फुलं. लांब देठांची, पांढरी, रात्रभर गळून सकाळी फुटपाथभर. सहाला आले तर स्वच्छ अंथरूण, साडेसहाला झाडणारी मावशी येते आणि ढीग करते. माझे सगळे फोटो या अर्ध्या तासातले, मोबाइलवर.

एक गोष्ट शिकले ती सांगते. उभं राहून खाली बघत काढला की फुलं भाताच्या शितांसारखी दिसतात. मोबाइल उलटा धरून, कॅमेऱ्याचं भिंग जमिनीला टेकेल असा ठेवला की प्रत्येक फूल उभं राहतं आणि मागे मावशींचा खराटा येतो. तो फोटो मावशींनी स्वतःच्या स्टेटसला ठेवला, माझ्या नाही.

संध्याकाळचं मात्र हरले. सातवीण फुललीय. कोपऱ्यावरून वळलं की वासाची भिंत लागते. अर्ध्या सोसायटीचं डोकं दुखतं, अर्धी खिडक्या उघडून बसते. याचा फोटो कसा काढायचा? झाड बघावं तर हिरवट-पांढरे गुच्छ, काही विशेष नाही. शेवटी नाकाला पदर लावून जाणाऱ्या एका आजींचा काढला. त्यांना विचारून, हो.

---

लेन्सकाका | १० नोव्हेंबर, सकाळी ९:२०

बोलू का थोडं? नको म्हणालात तरी बोलणार.

१) धुकं. कॅमेऱ्याला पांढरं दिसलं की तो घाबरून अंधार करतो. म्हणून सगळ्यांचं धुकं राखाडी येतं, सिमेंटच्या कारखान्यासारखं. एक्स्पोजर एक स्टॉप वर चढवा. मोबाइलवर बोट टेकवून ते सूर्याचं चिन्ह वर सरकवा, तेच काम.

२) एसी लावलेल्या गाडीतून थेट दवात कॅमेरा काढू नका. गार भिंगावर बाहेरची दमट हवा लगेच जमते. पुसाल तर फरकाटे उठतात. पिशवी बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा, चहा प्या.

३) पावसाळाभर कपाटात ठेवलेल्या लेन्सा आता काढल्या असतील. मागून टॉर्च मारून आत बघा. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. माझी ८५ ची लेन्स अशीच गेली. दुरुस्तीवाल्याने सांगितलेली किंमत ऐकून ती आता पेपरवेट आहे. डब्यात सिलिका जेल ठेवा आणि अधूनमधून ऊन दाखवा.

४) काही महाभाग जाळ्यावर फवाऱ्याने पाणी मारून 'दव' करतात. ओळखू येतं. फवाऱ्याचे थेंब लहान-मोठे, दव एका मापाचं ओवलेलं. शिवाय कोळ्याचं दुकान आपण बंद पाडतो ते वेगळंच.

आता प्रकाश. कुसळराव, तुम्ही गवताचं बरोबर सांगितलंत, पण निम्मं श्रेय सूर्याचं. आपल्या १८ अक्षांशाच्या पट्ट्यात मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो. आत्ता भर दुपारीही तो ५४-५५ अंशांवरच आहे, डिसेंबरअखेर ४९ च्या खाली जाईल. म्हणजे बारा वाजताही माणसाच्या कपाळाची सावली डोळ्यांच्या खाचेत पडून भूत दिसत नाही. मे महिन्यात दुपारी कॅमेरा बाहेर काढणं हा गुन्हा आहे, नोव्हेंबरात चालतं. तरी लोक सहा वाजता उठून दहाला घरी परततात. दुपारचा बाजार बघा, भिंतींवरच्या सावल्या बघा.

---

मुक्काम_बॉस्टन | १० नोव्हेंबर, रात्री ८:१५ (तुमची)

पानांच्या गावाहून बोलतेय, तेव्हा थोडा अधिकार आहे असं समजते.

इथे मॅसॅच्युसेट्सला आणि वर व्हर्माँटला रंग चढतो तो साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. लोक गाड्या भरभरून येतात, हॉटेलं दुप्पट दराने जातात. दिवस आखडले की पानातलं हरितद्रव्य मोडतं. पिवळा मुळात पानात असतोच, हिरव्याखाली दडलेला, तो उघडा पडतो. लाल मात्र मेपलचं पान शेवटच्या दिवसांत नव्याने तयार करतं. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असेल तर जास्तच. हे कळल्यावर मला त्या लालाचं जरा जास्त कौतुक वाटायला लागलं.

पण नोव्हेंबर? नोव्हेंबरात इथे काड्या उरतात. नुसत्या काड्या. व्हर्माँटचे लोक या दिवसांना 'काड्यांचा हंगाम' याच अर्थाच्या नावाने ओळखतात. ओकची तपकिरी पानं तेवढी हट्टाने लटकून राहतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑफिसातून बाहेर पडलं की रात्र.

लेन्सकाकांचं वाचून हसू आलं, कारण इथे आत्ता भर दुपारी सूर्य जेमतेम तीस अंशांवर चढतो. दिवसभर तो सोनेरी प्रकाश, ज्यासाठी तुम्ही पहाटे उठता. आणि त्या प्रकाशात ठेवायला झाडावर पान नाही!

*प्रचि*: शेजारच्या आजोबांचं अंगण. दहा कागदी पोती पानांनी भरून कडेला लावलीयत आणि ते अकरावं भरतायत. माझा इथला कार्तिक हा. आणि हो, अपार्टमेंटात कुंडीतल्या तुळशीचं लग्न लावलं. उसाच्या मांडवाऐवजी बांबूच्या सळ्या, कारण इंडियन स्टोअरमधला ऊस तोडून, सोलून, पाकिटात मिळतो.

---

घाटमाथा | १० नोव्हेंबर, रात्री ९:००

सोललेल्या उसाच्या मांडवात लग्न लागलं असतं तर नवरदेवाने मांडव खाल्ला असता.

---

भातखाचर | ११ नोव्हेंबर, दुपारी १:३०

मावळातून. झोडणी चाललीय, म्हणून थोडक्यात. फळीवर भाताची पेंढी आपटली की दाण्यांचा जो झोत उडतो तो पकडायचा तर १/१००० तरी लागतं. १/३० वर काढला तर हात दिसत नाही पण जोर दिसतो. मला दुसरा आवडतो. खळ्यावर इंद्रायणी भाताचा वास सुटलाय. बुचाचं_फूल यांच्या सातविणीसारखंच, फोटोत येत नाही.

आणि कृपा करून पेंढ्यांच्या ढिगावर प्री-वेडिंगसाठी चढू नका. कालच दोघांना उतरवलं. नवरीच्या घागऱ्याला अर्धी पेंढी लागून गेली.

---

कापूसकोंड्या | ११ नोव्हेंबर, रात्री ९:१०

राम राम. यवतमाळकडून. तुमचं सगळं पहाटेचं चाललंय, आमच्या इकडे पहाटे शेतात जाऊन काय फोटो काढता बाप्पा? कापसावर दव असते तोवर बाया वेचायले हात लावत नाहीत. ओला कापूस पिवळा पडते, भाव पडते. वेचणी सुरू होते आठ-नऊला. म्हणजे काकांचं बरोबर, आमचा फोटो दुपारचाच.

अडचण पांढऱ्याची. कापूस दाखवायले गेलं की बाईचा चेहरा काळा, चेहरा दाखवला की कापूस जळून चुना. मी ओळीच्या आडवा उभा राहतो, ऊन बाजूनं येऊ देतो. आणि मागे तूर ठेवतो. आमच्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी असतात, आत्ता तूर पिवळ्या फुलावर आहे. पांढरं, पिवळं, आणि बाईच्या कमरेच्या झोळीचं फडकं, जे कुठल्याही रंगाचं असू शकते. एकीचं तर निवडणुकीच्या बॅनरचं होतं. उमेदवाराचे दोन डोळे तेवढे झोळीवर दिसत होते. तो फोटो टाकत नाही, मले गावात राहायचं आहे.

---

पाणवठा | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

पक्षीवाल्यांसाठी. भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) बघायला आत्ताच पळू नका. उजनी काठोकाठ असते. पाणी ओसरून चिखल उघडा पडल्याशिवाय ते उथळ जागा सोडून इकडे कशाला येतील? डिसेंबरनंतर बघा. आत्ता आलेत ते धोबी, थिरथिरे, आणि कुसळकाट्यांच्या त्याच माळांवर भोवत्या ससाणे, जमिनीपासून हातभर उंचीवरून तरंगत जाणारे. गवत आणि भोवत्या एका चौकटीत मिळाला तर नोव्हेंबर सार्थकी लागला.

एकच विनंती. गवतात गाडी घालू नका. 'नुसतं माळरान तर आहे' असं म्हणून लोक घालतात. त्याच गवतात टिटवी बसते, ससे असतात, कडबनवाडी-सुप्याकडे चिंकारा आणि लांडगे आहेत. चाकोरी सोडायची नाही.

---

दुपारची_झोप | १२ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

मूळ लेख छान. पण प्रचि ५ बद्दल खटकलं ते लिहितो. धुकं, वाफ, डोक्यावर मोळी. 'भिंतीवर लावायच्या लायकीचा' म्हणे. ती बाई पहाटे तीनला उठून कोयता चालवतेय आणि आपण गाडीच्या काचेआडून तिचं कॅलेंडर करतोय. गवताचे काढा ना, गवत तक्रार करत नाही.

---

घाटमाथा | १२ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

आता प्रत्येक फोटोला परवानापत्र घ्यायचं का? मग रोजच्या जगण्याचे फोटो कुणी काढायचेच नाहीत. सगळे पोज देऊन उभे राहतील, लग्नातल्यासारखे.

---

फडावरचा | १२ नोव्हेंबर, रात्री ११:२०

खातं काढून चार वर्षं झाली, पहिल्यांदा लिहितोय.

मी बीड जिल्ह्यातला. आई-वडील वीस हंगाम ऊसतोडीला गेले. दसरा झाला की टोळी निघायची. आम्हा भावंडांना आजीकडे ठेवायचे, लहान असताना सोबत न्यायचे. त्यामुळे कोपी (टोळीची झोपडी), पाचट, थंडीत आईच्या हाताला पडलेल्या भेगा, सगळं बघितलंय.

दुपारची_झोप यांचा राग कळतो. पण एक सांगतो. आमच्या घरात एक अल्बम आहे. त्यात लग्नाचे फोटो आहेत, माझ्या दहावीच्या सत्काराचा एक आहे. फडावरचा एकही नाही. आई-बापाचं निम्मं आयुष्य उसात गेलं आणि त्याचा कागदाचा एक तुकडा घरात नाही. लोक फोटो काढायचे, नाही असं नाही. गाड्या थांबवून काढायचे. त्यातला एकही आमच्यापर्यंत आला नाही.

म्हणून काढू नका असं मी म्हणणार नाही. कुसळकाटा, तुम्ही त्या बाईंना विचारलं होतं का, एवढंच विचारतो.

विचारायचं असेल तर पहाटे जाऊ नका. तेव्हा गाडी भरायची घाई असते, कारखान्यावर नंबर लागायचा असतो, कुणी मान वर करून बघणार नाही. दुपारी एक-दोनला फडाच्या कडेला जेवायला बसतात, तेव्हा जा. टोळीचा मुकादम असेल त्याला आधी भेटा, नाहीतर बायकांना उगीच बोलणी बसतात. कोपीच्या आतला फोटो काढायचा नाही, ते घर आहे. आणि प्रिंट न्या. मोबाइलवर पाठवलेला फोटो हँडसेट बदलला की जातो.

---

कुसळकाटा | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

विचारलं नव्हतं. खिडकीतून काढला, पुढे गेलो, हे वर मीच लिहिलंय, आणि लिहिताना त्यात काही वाटलं नव्हतं. पोटावर झोपून कोळ्यासाठी वीस मिनिटं थांबलो आणि तिच्यासाठी काच खाली केली नाही. हे तुम्ही लिहिल्यावर दिसलं.

प्रचि ५ काढून टाकलाय. रविवारी जातो.

---

लेन्सकाका | १३ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

५ बाय ७, मॅट कागद. चकचकीत कागदावर बोटांचे ठसे उमटतात आणि फडात हाताला उसाचा चिकटा असतो.

---

बुचाचं_फूल | १५ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मधेच माझं एक. आज कार्तिक वद्य एकादशीला आळंदीला जाऊन आले. देवळाच्या रांगेत काढलेले सगळे फोटो पुसून टाकले, सगळ्यांसारखेच आले होते. एक ठेवलाय: इंद्रायणीच्या काठाला राहुट्यांच्या चुलींचा धूर. गार हवेमुळे तो वर जातच नव्हता, माणसांच्या गुडघ्याच्या उंचीवर चादरीसारखा पसरला होता. आणि त्या धुरातून फक्त पताका वर आलेल्या.

---

कुसळकाटा | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१०

जाऊन आलो. भुईंजच्या अलीकडचा तो फड संपला होता. नुसतं खोडवं आणि पाचट. पानपट्टीवाल्याने सांगितलं, टोळी दोन किलोमीटर आत सरकलीय. गेलो. फडावरचा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे दीड वाजता. मुकादमाला प्रिंट दाखवली. त्याने लगेच ओळखलं आणि हाक मारली.

ताई आल्या. हातात भाकरी तशीच. प्रिंट घेतली नाही, आधी पदराला हात पुसले, मग कडांनी धरली. बराच वेळ बघितली. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होतो, कशाला काढला, कुणाला दाखवणार वगैरे. त्यांनी फोटो नवऱ्याकडे दिला आणि मला म्हणाल्या, 'बैल कापलाय की ओ.'

बघतो तर खरंच. चौकट नीट बसावी म्हणून मी उजवीकडून कापला होता. एक बैल अख्खा, दुसऱ्याचं शिंग आणि अर्धं तोंड. मला ती वाफ हवी होती, आणि ती डाव्या बैलाची चांगली आली होती.

नवरा म्हणाला, 'ह्यो उजवा नवा घेतलाय. यंदाच. उचल घेऊन.' आणि मग दोघंही त्या बैलाबद्दलच बोलत राहिले. किती दाती, कुठल्या बाजारातून आणला, पहिल्या दिवशी चिखलात कसा बसला. बाईंच्या चेहऱ्याबद्दल, मोळीबद्दल, धुक्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जाताना वाढ्याची (उसाच्या हिरव्या शेंड्यांची) एक पेंढी देत होत्या, 'तुमच्या गायीला.' मी म्हटलं, गाय नाही, फ्लॅटमधे राहतो. त्यावर टोळीतल्या सगळ्या हसल्या.

मूळ फाइल उघडून बघितली. कापलेल्या भागात उजवा बैल आहे पण फोकसमधे नाही, शिवाय विजेचा खांब त्याच्या पाठीतून उगवलाय.

---

फडावरचा | १६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

माझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरोबर आहे तिचं, बैल आधी. मग विचारायला लागली बैल कुठल्या रंगाचा आहे.

---

कुसळकाटा | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:००

पांढरा, शिंगं आत वळलेली, कपाळावर राखाडी. आईंना सांगा, पुढच्या रविवारी परत जातोय. दोन्ही बैल, गाडी आणि ते दोघं, सगळे उभे करून. ताईंनी ८ बाय १० सांगितलीय. लहानात दोन्ही बैल मावत नाहीत म्हणे.

---

घाटमाथा | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

म्हणजे लग्नातल्यासारखा?

---

कुसळकाटा | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:५५

अगदी लग्नातल्यासारखा. बैलांना झूल घालणार आहेत. सकाळी नको म्हणाल्या, दुपारी या, धुक्यात काही दिसत नाही.